पिनबॉल, घरचा बगाटेल आणि सिरीजचा बल्ब

फुलसावंगीहून बोलतोय. मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, "दादा, लहानपणी शाळेच्या कॉम्प्युटरवर तो अंतराळवाला पिनबॉल लय खेळलो. पण तसं खरं मशीन असतं का? आणि बिघडलं तर दुरुस्त कसं करतात?"

असतं भाऊ, खरं मशीन असतं. आणि आजचा अख्खा भाग त्याच्या दुरुस्तीवर आहे. कारण मी आधी पुण्यात एक खरं मशीन उघडलेलं पाहिलं आणि मग इथं गावात येऊन घरच्या बगाटेलवर तेच सगळं करायला गेलो. त्यात एकदा धूर निघाला. ते पण सांगतो.

आधी त्या कॉम्प्युटरवाल्या खेळाचं सांगून टाकतो. 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉल विंडोज एक्सपीपर्यंत सोबत यायचा, नंतर गायब झाला. कारण ६४ बिटच्या विंडोजसाठी तो बदलायला घेतला तेव्हा त्यातला बॉल कशालाच धडकेना, सगळ्यांतून आरपार जाऊन खाली पडायचा. जुना कोड दुसऱ्यांनी लिहिलेला, त्यात कुठं काय ते उमगेना, म्हणून शेवटी खेळच काढून टाकला. म्हणजे तो पण दुरुस्त न झालेला पिनबॉलच म्हणा की.

आता बगाटेल. तुमच्या घरात नसेल तर आजोळी विचारा. लाकडाचा नाहीतर प्लायचा बोर्ड, वरून गोल, त्यावर खिळ्यांची कुंपणं, प्रत्येक कुंपणात आकडे लिहिलेले. उजव्या बाजूनं स्प्रिंगचा दांडा ओढायचा, सोडायचा आणि गोटी जिथं अडकेल तेवढे मार्क. पिनबॉल हा याचाच नातू. हा खेळ मूळ फ्रान्सकडचा, अठराव्या शतकातला, आणि तेव्हा तो काठीनं ढकलून खेळायचे. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं. आपल्या घरातल्या बगाटेलला जो दांडा आहे तो तिथला. पुढं १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबनं 'बॅफल बॉल' काढला. नाणं टाका, गोळ्या घ्या, खेळा. मंदीचे दिवस होते, लोकांकडे पैसा नव्हता, पण एका पेनीत वेळ जायचा, म्हणून तो हजारोंनी खपला.

त्यात वीज आली १९३३ च्या आसपास. पण खरा फरक पडला १९४७ मध्ये. 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनला बाजूनं हलणारी पाती लावली, बटण दाबलं की बॉलला टोला देणारी. त्यांना फ्लिपर म्हणतात. त्याआधी बॉल सुटला की माणसाच्या हातात फारसं काही उरायचं नाही, मशीन हलवण्यापलीकडे. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये १९४० च्या दशकात पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली, पोलिसांनी मशीनं हातोड्यानं फोडली. ती बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकानं नगरपालिकेच्या लोकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं. बॉल कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तसाच नेला. जत्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर पोलिस आला की स्टॉलवाला काय काय समजावत असतो ते आठवा, त्यातलाच प्रकार.

तर पुण्याचं मशीन.

मी तिकडं कामाला होतो तेव्हा ओळखीच्या एका काकांकडे शिकागोत बनलेलं एक जुनं पिनबॉल मशीन होतं, १९८० च्या आसपासचं. कुठल्या तरी बंद पडलेल्या क्लबच्या भंगारातून त्यांनी ते उचललेलं. मी रविवारी जायचो, स्क्रू काढायला आणि चहा प्यायला. पहिल्या दिवशी मी साहजिकच विचारलं, "काका, चालू करून बघू या का?" त्यांनी माझ्या हातातली वायर काढून घेतली. म्हणाले, "कधी बंद पडलं, का बंद पडलं, हे माहीत नसलेलं मशीन प्लगला लावायचं नाही. आधी उघडायचं."

उघडल्यावर पहिलीच गोष्ट दिसली ती ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेत घरात येते १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. त्या काळच्या बऱ्याच मशीनांच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्हीची सोय असते, पण तारा योग्य जागी वळवून डाग द्यावा लागतो. काकांच्या मशीनमध्ये तारा १२० वरच होत्या. म्हणजे मी त्या दिवशी प्लग लावला असता तर आतल्या प्रत्येक गोष्टीला जवळपास दुप्पट व्होल्टेज गेलं असतं.

दुसरी गोष्ट बॅटरी. स्कोअर लक्षात ठेवायला मुख्य बोर्डावर एक छोटी बॅटरी असते. वर्षानुवर्षे पडून राहिली की ती गळते. आतला रस अल्कलीचा, तो तांब्याच्या बारीक रेघा खातो आणि हिरवा-पांढरा बुरा करून ठेवतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल विसरलं की स्प्रिंगवर जे साचतं ना, तेच. फक्त रिमोट दीडशे रुपयांत नवा येतो, हा बोर्ड येत नाही. त्यावर उपाय घरचाच आहे. बॅटरी आधी कापून बाहेर, मग त्या जागेवर व्हिनेगर, ब्रशनं घासायचं, कारण अल्कलीला आम्लानंच मारायचं. मग पाण्यानं धुवायचं, आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पूर्ण वाळू द्यायचं. जिथं रेघ तुटली तिथं बारीक तारेचा जोड. नवी बॅटरी लावायचीच तर ती वायरनं लांब, बोर्डाच्या खाली लावायची. पुढं गळली तरी जमिनीवर गळेल. आता तर बॅटरीच न लागणाऱ्या मेमरी चिपा मिळतात. माझ्या मते अपग्रेडमध्ये पहिला खर्च हाच करावा, रंगीबेरंगी लाइटा नंतर.

आता फ्लिपर. हा भाग नीट ऐका, कारण माझ्या घरातला धूर इथूनच निघाला.

फ्लिपरच्या खाली एक कॉइल असते. प्लास्टिकच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली, नळीत लोखंडी दांडा. वीज दिली की कॉइल चुंबक होते, दांडा आत खेचते, दांड्याला जोडलेलं पातं वर उडतं. बॉल असतो साधारण ८० ग्रॅमचा, २७ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा. साडेसहा अंशांच्या उतारावरून घरंगळत आलेला हा गोळा परत वरपर्यंत फेकायचा म्हणजे ताकद लागते. ५० व्होल्ट आणि ४ ओहमची कॉइल धरा. साडेबारा अँपिअर जातात, म्हणजे सहाशेच्या वर वॅट. त्या एका क्षणापुरती पाऊण एचपीच्या मोटारीएवढी ताकद तुमच्या बोटाखाली असते!

पण खेळणारा बटण दाबून धरतो. बॉल पात्यावर थांबवून निशाणा साधायचा असतो. तेवढी वीज सतत दिली तर कॉइल काही सेकंदांत तापून जळेल. म्हणून त्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, टोला मारायला. दुसरी बारीक तारेची, खूप वेढ्यांची, नुसतं धरून ठेवायला. पातं पूर्ण वर गेलं की ते जाताजाता एका छोट्या स्विचला ढकलतं, स्विच उघडतो आणि मग विजेला बारीक तारेतून जावं लागतं. करंट साडेबारा अँपिअरवरून अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. अख्ख्या मशीनमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. ना चिप, ना प्रोग्रॅम, एक पितळी पट्टी वेळेवर बाजूला होते आणि कॉइल वाचते.

ती पट्टी वाकली किंवा तिचे पॉइंट काळे पडले की तक्रार सुरू. उघडतच नाही, तर कॉइल जळते. नीट मिटत नाही, तर फ्लिपर मरतुकडा चालतो, बॉल अर्ध्यावरून परत येतो. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचे पॉइंट ज्यांनी घासलेत त्यांना हे सांगायला नको. बारीक कानस, दोन-चार हात, झालं. पण सावध! हे फक्त जास्त करंटवाल्या पॉइंटना. स्कोअर मोजणाऱ्या बारीक स्विचांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्यांना कानस लावली की मुलामा गेला. तिथं पॉइंटच्या मधे जाड कागद धरून ओढायचा. काका व्हिजिटिंग कार्ड वापरायचे, मी लग्नपत्रिका वापरतो, आमच्याकडे त्यांचा साठा भरपूर.

(इथं ऑडिओमध्ये 'खट्-खट्' आवाज आहे, तो माझ्या बोर्डाच्या फ्लिपरचा.)

गावाकडं परत आलो तेव्हा माळ्यावर जुना बगाटेल सापडला. खिळे गंजलेले, स्प्रिंग मेलेली, प्लायचा एक कोपरा फुगलेला. म्हटलं, यालाच पिनबॉल करू. खिळे उपटले, भोकांत काड्या आणि फेव्हिकॉल भरून नवे ठोकले. गोटीच्या जागी ट्रॅक्टरच्या बेअरिंगचा छर्रा घेतला, कारण काच वीज नेत नाही आणि स्टील नेतं. उतार मोजायला मिस्त्रीची पाणसळ. आणि टिल्ट लावला! टिल्ट म्हणजे मशीन जोरात हलवलं की खेळ बंद करणारी सोय. खऱ्या मशीनमध्ये तो चक्क एक ओळंबा असतो, गवंड्याच्या ओळंब्यासारखाच, धातूच्या कड्याच्या मधोमध लोंबणारा. धक्का दिला की ओळंबा कड्याला शिवतो आणि सर्किट पूर्ण होतं.

स्कोअरसाठी मी कॅल्क्युलेटर उघडला. ही युक्ती करून बघाच. साध्या कॅल्क्युलेटरवर '१० + =' दाबा, मग नुसतं '=' दाबत राहा, दर वेळी दहा वाढतात. काही कॅल्क्युलेटरवर '+' दोनदा दाबावं लागतं. त्या '=' बटणाच्या दोन टोकांना दोन तारा जोडल्या आणि बोर्डावर पितळी पट्ट्यांपर्यंत नेल्या. छर्रा दोन पट्ट्यांना एकदम शिवला की दहा मार्क. छर्रा फारच भुर्रकन गेला तर कधीकधी मोजत नाही, त्यावरून घरात भांडणं होतात, तेवढं सोडा.

फ्लिपरच्या कॉइलसाठी मोटार वायंडिंगवाल्या दादांकडे गेलो. आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज पडतं आणि पंपाच्या मोटारी जळतात, त्यामुळे असा दादा जवळपास सगळीकडे सापडतो. त्यांनी वायरिंगच्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्यावर इनॅमलची तार गुंडाळून दिली, ३ ओहमची. १२ व्होल्टच्या जुन्या बॅटरीवर ४ अँपिअर. मस्त टोला बसायचा. पण मी काय केलं नाही? दुसरी बारीक गुंडाळी केली नाही, आणि ती पट्टी लावली नाही. आळस, दुसरं काय. त्याऐवजी २ अँपिअरचा फ्यूज टाकला, स्लो ब्लो. हा फ्यूज क्षणभराचा जास्त करंट सोसतो, पण करंट टिकून राहिला तर उडतो. म्हटलं, बटण कोणी धरूनच ठेवलं तर फ्यूज जाईल.

फ्यूज गेलाच, एकदा नाही, तीनदा. माझा मावसभाऊ रील काढत होता, पातं वर धरून पोज द्यायचा. तिसऱ्यांदा फ्यूज उडाल्यावर त्यानं आपला सगळ्यांचा पेटंट इलाज केला. वायरमधली एक तार काढली आणि फ्यूजच्या जागी गुंडाळली.

मी बाहेर होतो. वास आला तो आधी ओळखू आला नाही, मग आला. जळालेल्या मोटारीचा वास. आत गेलो तर कॉइलमधून पांढरा धूर, प्लास्टिकची नळी वितळून दांडा आत अडकलेला, खालचा प्लाय काळा पडलेला. आणि खोलीत, बोर्डापासून दोन हातांवर, वेचून आणलेला कापूस भिंतीपर्यंत भरलेला होता. भाव वाढायची वाट बघत आम्ही तो घरातच ठेवला होता, बरेच जण ठेवतात. मी बॅटरीची क्लिप हातानंच ओढली, बोटं भाजली. कापूस वाचला. वडील काहीच बोलले नाहीत, बोर्ड उचलून अंगणात नेऊन ठेवला.

आमच्या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल तर ते बहुतेक एकाच कारणानं. शेख इस्माईल, ज्याला मुन्ना म्हणायचे, २४ वर्षांचा, आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा. यूट्यूब पाहून पाहून त्यानं मारुती ८०० चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. देशभरच्या बातम्यांत आलं. बाहेरचे लोक अजूनही विचारतात तेव्हा काही जण हसतात, 'गावठी हेलिकॉप्टर' म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला कोणी वर्कशॉप दिलं नाही, चाचणीची सुरक्षित जागा दिली नाही, शेजारी उभं राहून 'थांब, आधी हे तपासू' म्हणणारा इंजिनिअर दिला नाही, त्यानं जे हाताशी होतं त्यातून ते यंत्र उभं केलं. बगाटेलची आणि हेलिकॉप्टरची बरोबरी मी करत नाही. पण धूर निघाला त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोक्यात तोच होता.

त्यानंतर मी काकांना फोन केला आणि त्यांची पद्धत एकेक करून लिहून घेतली. तीच सांगतो.

चालू करायच्या आधी मीटर घ्यायचा आणि प्रत्येक कॉइलचा ओहम मोजायचा. एखादी कॉइल बाकीच्यांपेक्षा खूपच कमी दाखवत असेल तर आतलं इनॅमल जळून वेढे एकमेकांना चिकटलेत. प्रत्येक कॉइलला एक डायोड आडवा लावलेला असतो, तोही तपासायचा. कारण वीज तोडली की कॉइल उलटा झटका देते आणि तो झटका डायोडनं गिळला नाही तर तिला चालवणारा ट्रान्झिस्टर मरतो. मेलेला ट्रान्झिस्टर बरेचदा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे कॉइल कायमची चालूच राहते आणि पुन्हा धूर. म्हणून जळालेली कॉइल नुसती बदलायची नाही, ती का जळाली ते शोधल्याशिवाय नवी लावली तर तीही जाणार. डायोड लावताना रेघेची बाजू प्लसकडे, उलटा लावला तर सरळ शॉर्ट.

मग सगळे फ्यूज काढायचे आणि मशीन सिरीजच्या बल्बवर लावायचं. इलेक्ट्रिशियन मंडळींना माहीत आहे. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मशीनच्या आधी सिरीजमध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सगळी वीज स्वतः खातो, मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. एलईडी बल्बानं हे होत नाही, जुना तारेचाच हवा, म्हणून दुकानात दिसला की दोन घेऊन ठेवा. मग एकेक फ्यूज टाकत पुढं जायचं. फ्यूज छापलेल्या आकड्याचाच. त्याच्या जागी तार नाही, चांदी नाही, मोठा फ्यूज नाही. आणि जुन्या मशीनच्या त्या नारंगी आकड्यांच्या डिस्प्लेला जवळपास १९० व्होल्ट डीसी लागतात, तिथं मशीन बंद करूनही लगेच बोट घालायचं नाही, कपॅसिटरमध्ये चार्ज असतो.

लाइटांबद्दल विचारणारे असतीलच. जुन्या मशीनमध्ये ६.३ व्होल्टचे बल्ब, एकेक पाव अँपिअरचा. चाळीस लावले म्हणजे दहा अँपिअर. एवढा करंट वर्षानुवर्षे एका कनेक्टरमधून गेला की कनेक्टर तपकिरी होऊन जळतो, आणि बल्बच्या उष्णतेनं वरची काच-चित्रं सोलतात. त्यामुळे एलईडी टाकणं हे फॅशन नाही, कामाचं आहे. पण पिवळसर टाका. निळे-पांढरे टाकून एका माणसानं केलेलं मशीन मी पाहिलंय, मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन वाटत होतं.

बोर्डाच्या रंगाबद्दल काकांशी माझं जमलं नाही. बॉल घासून घासून भोकांभोवतीचा रंग जातो, लाकूड दिसतं. त्यांनी तिथं ॲक्रिलिकनं रंग भरला आणि गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून वर क्लिअर कोट मारून घेतला. तो मारताना साधा रुमाल चालत नाही, त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट असतं, नीट मास्क लागतो. बोर्ड आरशासारखा झाला. मला मात्र आधीचा, हजारो लोकांनी झिजवलेलाच बरा वाटत होता. ते म्हणाले, "तुझं मशीन असेल तेव्हा तसं ठेव." बरोबर आहे. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य होती, जुना ओरखडे पडलेला बॉल आधी फेका. तो पॉलिश पेपरसारखा बोर्ड खातो.

आता माझ्या बोर्डाची हालत. उजवा फ्लिपर दोन गुंडाळ्यांचा झालाय, जुन्या सॉकेटमधली पितळी पट्टी कापून स्विच केलाय, दहा मिनिटं बटण धरून ठेवलं तरी कॉइल नुसती कोमट होते. फ्यूजचा होल्डर मी बोर्डाच्या आत स्क्रूनं बंद केलाय आणि मावसभावाला स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवलाय ते सांगितलेलं नाही. खेळ आता ओसरीत चालतो, कापसाच्या खोलीत नाही. डावा फ्लिपर अजून जळका तसाच आहे, दादांकडे बारीक तार संपलीय. सोमवारी ते पुसदहून आणणार आहेत. मग दोन्ही फ्लिपरचा आवाज पुढच्या भागात ऐकवतो.